फॉरेन्सिक, क्रिमिनॉलॉजी की लॉ? शैक्षणिक कर्ज काढण्याआधी करायचा हिशेब

१ जुलै २०२४ पासून देशात नवे फौजदारी कायदे लागू झाले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आहेत. ही व्यवस्था उभी करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. तेव्हापासून खासगी विद्यापीठांच्या माहितीपत्रकांत ‘फॉरेन्सिकला प्रचंड मागणी’ हे शब्द ठळक अक्षरांत दिसू लागले आणि बारावी सायन्सची मुलं आईवडिलांना घेऊन प्रवेशाच्या रांगेत उभी राहू लागली.

कायद्यातली तरतूद खरी आहे. पण तरतूद झाल्यावर पदं मंजूर व्हावी लागतात, मग जाहिरात निघते, मग परीक्षा, मग नियुक्ती. शैक्षणिक कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या महिन्याला सुरू होतो. मी फॉरेन्सिक सायन्समध्ये एम.एस्सी. केलं, त्यासाठी काढलेलं कर्ज फेडून मोकळं झाले, आणि आता नात्यातली, ओळखीतली मुलं प्रवेशाच्या वेळी फोन करतात तेव्हा त्यांना जे सांगते ते इथे क्रमाने लिहिते आहे. फॉरेन्सिक, क्रिमिनॉलॉजी (गुन्हेगारीशास्त्र), पोलीस प्रशासन किंवा फौजदारी वकिलीच्या दृष्टीने लॉ, यांपैकी काहीही घ्यायचा विचार असेल तर फी भरण्याआधी हे वाचा.

## १. कॉलेजचं माहितीपत्रक बाजूला ठेवा, भरतीची जाहिरात उघडा

आपल्याकडे पोलीस, तपास आणि न्यायव्यवस्थेतल्या बहुतेक नोकऱ्या सरकारी आहेत. सरकारी नोकरीत तुमची पात्रता एकच परिच्छेद ठरवतो, तो म्हणजे जाहिरातीतली ‘शैक्षणिक अर्हता’. म्हणून जी नोकरी मनात आहे तिची मागची जाहिरात शोधा आणि तो परिच्छेद सावकाश वाचा. एमपीएससी, केंद्राचा कर्मचारी निवड आयोग (एसएससी), गृह विभाग यांच्या जुन्या जाहिराती त्यांच्या संकेतस्थळांवर मिळतात.

वाचल्यावर काय दिसतं ते पाहा:

- पोलीस शिपाई: बारावी उत्तीर्ण. खुल्या प्रवर्गाला वय १८ ते २८. वेतनश्रेणी २१,७०० ते ६९,१००.
- पोलीस उपनिरीक्षक (पीएसआय), एमपीएससीमार्फत: कोणत्याही शाखेची पदवी. वय १९ ते ३१, मागासवर्गीयांना ३४ पर्यंत. उंची पुरुषांना १६५ सेंमी, महिलांना १५७ सेंमी. वेतनश्रेणी ३८,६०० ते १,२२,८००.
- सीबीआयमधले उपनिरीक्षक, एसएससीच्या पदवीधर स्तरावरच्या परीक्षेमार्फत (सीजीएल): कोणतीही पदवी. वेतनश्रेणी ४४,९०० ते १,४२,४००.
- दिल्ली पोलीस आणि केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतले उपनिरीक्षक: कोणतीही पदवी. वेतनश्रेणी ३५,४०० ते १,१२,४००.
- इंटेलिजन्स ब्युरोतले सहायक केंद्रीय गुप्तवार्ता अधिकारी (एसीआयओ): कोणतीही पदवी. वेतनश्रेणी ४४,९०० ते १,४२,४००.

म्हणजे ज्याला खाकी घालायची आहे त्याला क्रिमिनॉलॉजीची पदवी कुठेच मागितलेली नाही. गावाजवळच्या अनुदानित कॉलेजातलं बी.ए. राज्यशास्त्र आणि खासगी विद्यापीठातलं लाखो रुपयांचं ‘बी.ए. क्रिमिनॉलॉजी अँड पोलीस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ या दोन्हींना पीएसआयच्या जाहिरातीत सारखंच वजन आहे. विषयाची गोडी असेल तर जरूर शिका, तो विषय सुंदरच आहे. पण पीएसआय व्हायचं म्हणून या पदवीसाठी कर्ज काढू नका. ते पैसे अभ्यासिका, मैदान, पुस्तकं आणि पुण्यात राहण्याच्या खर्चाला ठेवा.

## २. ज्या नोकरीला ठरावीक पदवी लागते, तिथे पदवीचं नाव तपासा

फॉरेन्सिक प्रयोगशाळेत मात्र शाखेला महत्त्व आहे. महाराष्ट्रात हे काम न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयाकडे आहे. मुख्यालय मुंबईत कलिना इथे, आणि नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती अशा ठिकाणी प्रादेशिक प्रयोगशाळा.

इथली वैज्ञानिक सहाय्यक पदाची जाहिरात वाचली की एक गोष्ट लक्षात येते. या जागांवर फक्त फॉरेन्सिकवाल्यांचा हक्क नसतो. रसायनशास्त्राचे पदवीधर मोठ्या संख्येने अर्ज करतात. संगणक गुन्हे आणि ध्वनिफीत विश्लेषणाच्या जागांसाठी भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, आयटी या बाजूचे विद्यार्थी येतात. मानसशास्त्राच्या वेगळ्या जागा असतात, पण अगदी मोजक्या. हे साहजिकच आहे. प्रयोगशाळेत दिवसभर चालतं ते विषाचं, दारूचं, रक्ताचं, डीएनएचं, कागदपत्रांचं विश्लेषण, आणि त्याचा पाया रसायनशास्त्र, जीवशास्त्र, भौतिकशास्त्र हाच आहे.

आता उलट बाजूने पाहा. रसायनशास्त्राचा पदवीधर फॉरेन्सिकच्या जागेला अर्ज करू शकतो, पण फॉरेन्सिकचा पदवीधर रसायनशास्त्राच्या सगळ्या जागांना करू शकत नाही. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याचं उदाहरण घ्या. केंद्राच्या २०११ च्या नियमांत या पदासाठी पदव्यांची यादीच दिली आहे: फूड टेक्नॉलॉजी, डेअरी टेक्नॉलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, कृषी, पशुवैद्यक, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, रसायनशास्त्रातली पदव्युत्तर पदवी वगैरे. त्या यादीत फॉरेन्सिक सायन्स नाही. औषध कंपन्यांच्या गुणवत्ता तपासणी (क्यूसी) विभागातही केमिस्ट्रीवाल्याला आधी बोलावतात, आणि बी.एड. करून शाळेत शिकवायचं ठरवलं तरी तीच पदवी सरळ चालते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. बी.एस्सी. रसायनशास्त्र, जीवशास्त्राची एखादी शाखा किंवा आयटीमध्ये करा, तेही कमी फीच्या कॉलेजात. फॉरेन्सिकची ओढ तीन वर्षांनंतरही टिकली तर एम.एस्सी. फॉरेन्सिकला जा. बारावीनंतर थेट फॉरेन्सिक घ्यायचंच असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थांत आधी प्रयत्न करा. तिथली फी आणि खासगी विद्यापीठाची फी यांत इतका फरक आहे की बऱ्याच घरांत कर्जाचा प्रश्नच उरत नाही. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाला २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा आहे, गोव्यात फोंड्याजवळ त्याचं संकुल आहे. शिक्षण चांगलं आहे, फी सरकारी संस्थांच्या मानाने जास्त आहे, तेव्हा तिथेही पुढचा हिशेब करूनच जा.

दोन सापळे इथेच सांगते. ‘फॉरेन्सिक अकाउंटिंग’ या नावाने भरपूर पगाराच्या गोष्टी सांगतात, पण त्या जागा प्रामुख्याने सीए झालेल्यांना मिळतात, बी.एस्सी. फॉरेन्सिकला नाही. आणि ‘सायबर फॉरेन्सिक’मध्ये काम खरंच आहे, पण कंपनी मुलाखतीत नेटवर्किंग, ऑपरेटिंग सिस्टिम, स्क्रिप्टिंग विचारते. अभ्यासक्रमात हे विषय किती सेमिस्टर आहेत ते बघितल्याशिवाय नावावर भुलू नका.

## ३. लॉ: पदवी स्वस्त मिळते, पहिली वर्षं महाग पडतात

लॉचं गणित वेगळं आहे. राज्याच्या एमएच सीईटी लॉ प्रवेश परीक्षेतून मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय (१८५५ पासूनचं) किंवा त्यासारखी शासकीय-अनुदानित कॉलेजं मिळाली तर फी फारच कमी असते. देशपातळीवरच्या क्लॅट प्रवेश परीक्षेतून राष्ट्रीय विधी विद्यापीठात गेलात तर फी वर्षाला लाखांत जाते. मोठ्या लॉ फर्ममध्ये जायचं असेल तर तो खर्च समजू शकतो. सत्र न्यायालयात फौजदारी वकिली करायची असेल तर अशिलाला तुमचं कॉलेज कोणतं याच्याशी घेणंदेणं नसतं.

खर्च पदवीनंतर सुरू होतो. सनद (वकिलीचा परवाना), ऑल इंडिया बार परीक्षा, आणि मग एखाद्या ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली ज्युनिअरशिप. नोंदणी शुल्काचा त्रास आता कमी झाला आहे. ३० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बार कौन्सिलांना कायद्यात लिहिल्यापेक्षा जास्त शुल्क घ्यायला मनाई केली: सर्वसाधारण उमेदवारांना ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये. ज्युनिअरला मिळणाऱ्या पैशांची गोष्ट मात्र तशी नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० मानधन द्यावं असं पत्रक काढलं, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. तालुक्याच्या कोर्टात ज्युनिअरच्या हातात यापेक्षा पुष्कळ कमी पडतं.

त्यात २० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. या पदाचं मूळ वेतन ७७,८४० पासून सुरू होतं, म्हणून कितीतरी जण ‘न्यायाधीश होऊन कर्ज फेडीन’ असं म्हणतात. आता त्या परीक्षेला बसण्याआधीच तीन वर्षं काढायची आहेत. सहायक सरकारी अभियोक्ता (सरकारी वकील) व्हायलाही प्रत्यक्ष वकिलीचा अनुभव मागतात. म्हणजे लॉसाठी कर्ज काढणाऱ्याने पदवीनंतरची किमान तीन वर्षं तुटपुंज्या कमाईची धरूनच चालायचं. त्या काळात घरून हप्ता भरला जाईल का, हे आईवडिलांशी आजच बोला.

## ४. पगाराचा खरा आकडा काढा

अमेरिकेत सरकारने कॉलेज स्कोअरकार्ड नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. एखाद्या कॉलेजात क्रिमिनल जस्टिस शिकलेल्यांची नंतरची मधली कमाई (निम्म्यांची त्याहून जास्त, निम्म्यांची कमी) किती आणि डोक्यावरचं कर्ज किती, हे दोन आकडे तिथे शेजारी शेजारी दिसतात. आपल्याकडे अभ्यासक्रमागणिक अशी सोय नाही, तेव्हा ते काम आपल्यालाच करावं लागतं. तीन ठिकाणी शोधा.

एनआयआरएफची, म्हणजे केंद्र सरकारच्या संस्था-क्रमवारीची माहिती. क्रमवारीत भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला सरकारला एक तक्ता द्यावा लागतो आणि तो संस्थेच्या संकेतस्थळावरही टाकावा लागतो. त्यात किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली, किती पुढच्या शिक्षणाला गेले आणि नोकरी लागलेल्यांचा मधला वार्षिक पगार किती, हे सगळं असतं. माहितीपत्रकावरच्या ‘सर्वोच्च पॅकेज’पेक्षा हा तक्ता कितीतरी पटीने उपयोगी आहे. दोन गोष्टी लक्षात ठेवा. मधला पगार हा नोकरी लागलेल्यांचाच असतो, न लागलेले त्यात मोजलेले नसतात. आणि तीन वर्षांच्या सगळ्या पदव्या एकत्र असतात, त्यामुळे बीबीए, बीसीएवाल्यांचे पगार फॉरेन्सिकच्या नावावर खपतात.

मागच्या तुकडीतली मुलं. कॉलेज ज्यांचे नंबर देईल त्यांना सोडून, लिंक्डइनवर किंवा ओळखीतून स्वतः शोधा. ‘पॅकेज किती’ असं विचारू नका. ‘हातात किती पडतात, कायम आहात की कंत्राटी, आणि पहिली नोकरी मिळायला किती वेळ लागला’ हे तीन प्रश्न विचारा. मुलं प्रेमाने सांगतात.

जाहिरातीतली वेतनश्रेणी. सरकारी पदाचं मूळ वेतन जाहिरातीत असतं. त्यावर महागाई भत्ता आणि शहराप्रमाणे घरभाडे भत्ता मिळतो, आणि राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेसाठी मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यांच्या १० टक्के कपात होते. जाहिरातीत वेतनश्रेणीच्या जागी ‘एकत्रित मानधन’ लिहिलं असेल तर ती जागा कंत्राटी आहे. तिथे भत्तेही नाहीत आणि अकरा महिन्यांनंतरची खात्रीही नाही. फॉरेन्सिकमध्ये अशा जागा बऱ्याच निघतात. अनुभव म्हणून घ्यायला हरकत नाही, दहा वर्षांचं कर्ज तिच्या भरवशावर काढू नका.

## ५. हप्ता स्वतः मांडा

हे कागदावर करा, शक्यतो आईवडिलांच्या समोर बसून. मी एक उदाहरण मांडते.

समजा खासगी विद्यापीठात तीन वर्षांच्या पदवीसाठी दर वर्षी २ लाख, असं एकूण ६ लाखांचं कर्ज काढलं. व्याजदर १०.५ टक्के धरू. अभ्यासक्रमाची तीन वर्षं आणि त्यापुढचं एक वर्ष हप्ता नाही (याला स्थगितीचा काळ म्हणतात), पण सरळ व्याज चढत राहतं. पहिल्या २ लाखांवर चार वर्षांचं ८४,०००, दुसऱ्यावर तीन वर्षांचं ६३,०००, तिसऱ्यावर दोन वर्षांचं ४२,०००. बेरीज १,८९,०००. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी तुमचं कर्ज ६ लाख नसतं, ७ लाख ८९ हजार झालेलं असतं.

हे दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता सुमारे १०,६५० रुपये, आणि एकूण भरणा पावणेतेरा लाखांच्या घरात. बँकेत ‘मुदत वाढवून घ्या, हप्ता कमी होईल’ असं सांगतात. पंधरा वर्षं केली तर हप्ता सुमारे ८,७०० होतो, पण एकूण भरणा १५ लाख ७० हजारांच्या आसपास जातो. महिन्याला दोन हजारांच्या सवलतीसाठी जवळजवळ तीन लाख जास्त.

आता तिसरा पर्याय. शिकत असताना दर महिन्याला फक्त व्याज भरलं तर? पहिल्या वर्षी महिना १,७५०, दुसऱ्या वर्षी ३,५००, नंतर ५,२५०. तसं केलं तर हप्ता सुरू होताना कर्ज ६ लाखच राहतं, दहा वर्षांचा हप्ता सुमारे ८,१०० येतो आणि सगळं मिळून लाखाहून जास्त वाचतात. शिवाय या काळात व्याज भरणाऱ्यांना बऱ्याच बँका व्याजदरात १ टक्क्यापर्यंत सवलत देतात. ती आपोआप लागतेच असं नाही, मंजुरीपत्रात लिहून घ्या.

शेवटी हा हप्ता पगाराशी लावून बघा. माझा नियम असा: मनातल्या नोकरीचा पगार धरायचा नाही. ती नोकरी नाही मिळाली तर त्याच पदवीवर जी पहिली नोकरी मिळेल तिचा हातात येणारा पगार धरायचा, आणि हप्ता त्याच्या एक पंचमांशाच्या आत ठेवायचा. हातात २२,००० पडतील असं वाटत असेल तर हप्ता ४,४०० पर्यंत झेपेल. वरच्याच व्याजदराने आणि दहा वर्षांच्या मुदतीने उलटं गणित केलं तर कर्ज साधारण अडीच लाखांचंच काढता येतं. फी त्यापेक्षा जास्त असेल तर उरलेली रक्कम बचतीतून किंवा शिष्यवृत्तीतून यायला हवी. नाहीतर कॉलेज बदलायचं.

## ६. भरतीचं वेळापत्रक आणि हप्त्याची तारीख

ही पायरी सगळे विसरतात, आणि या क्षेत्रात माणूस अडकतो तो इथेच. समजा एकविसाव्या वर्षी पदवी मिळाली. बावीस पूर्ण होताना हप्ता सुरू. पीएसआयसाठी पूर्व, मुख्य, शारीरिक चाचणी, मुलाखत आणि निकाल यांत जाहिरातीपासून नियुक्तीपर्यंत दोन-दोन वर्षं गेल्याची उदाहरणं आहेत. प्रयोगशाळेच्या जागांची भरती दर वर्षी निघेलच असं नाही. अभ्यास पूर्णवेळ करायचा तर हातात पगार नाही, आणि हप्ता भरायला नोकरी धरली तर अभ्यासाला वेळ नाही. मी हुशार मुलं या कात्रीत सापडून दुसऱ्या प्रयत्नानंतर तयारी सोडताना पाहिली आहेत.

म्हणून स्पर्धा परीक्षा द्यायचं नक्की असेल तर पदवी जितकी कर्जमुक्त तितकी चांगली. वयाची मर्यादा तिशीच्या पुढे असली तरी हप्ता त्या वयाची वाट पाहत नाही. एका वहीच्या पानावर वर्षं लिहा, त्यासमोर वय, हप्ता आणि तेव्हा कोणती परीक्षा देत असाल ते लिहा. ज्या वर्षांसमोर हप्ता आहे पण कमाई नाही, ती वर्षं कोण सांभाळणार त्याचं नाव लिहा. नाव सुचत नसेल तर कर्जाची रक्कम कमी करा.

## ७. कर्जाआधी सरकारी मदत

- महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल. अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त-भटके, ओबीसी यांच्या शिष्यवृत्त्या आणि खुल्या प्रवर्गातल्या ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती याच पोर्टलवर आहेत. प्रवेशाआधी तपासायचं ते एवढंच: तुमचं कॉलेज आणि नेमका तोच अभ्यासक्रम पोर्टलच्या यादीत आहे का.
- मुलींसाठी शुल्कमाफी. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यात नाहीत. प्रवेश देणारा एजंट हे सांगत नाही.
- पीएम विद्यालक्ष्मी, केंद्राची शैक्षणिक कर्ज योजना. ठरावीक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळाला तर तारण आणि जामीनदार न मागता कर्ज मिळतं. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर स्थगितीच्या काळात ३ टक्के व्याज सवलत मिळते, पण दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत घेत असाल तर नाही. तुमची संस्था यादीत आहे का ते पोर्टलवर बघा.

## ८. बँकेत जाताना

सरकारी बँकांत ४ लाखांपर्यंत स्वतःची रक्कम घालावी लागत नाही. त्यावर भारतातल्या शिक्षणासाठी ५ टक्के घालावी लागते. साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, त्याला केंद्राच्या पत हमी योजनेचं पाठबळ आहे. आई किंवा वडील सहकर्जदार असतात.

बरोबर न्यायची कागदपत्रं:

- विद्यार्थी आणि सहकर्जदार दोघांचं आधार, पॅन, फोटो
- दहावी, बारावी (आणि असेल तर पदवी) गुणपत्रिका, सीईटीचा निकाल
- कॉलेजचं प्रवेशपत्र आणि वर्षागणिक, शीर्षकागणिक फीचा तक्ता, शिक्क्यासह
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. नोकरदार असतील तर पगारपत्रकं आणि आयकर विवरणपत्र
- सहकर्जदाराच्या खात्याचा सहा महिन्यांचा उतारा
- अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेअर, लागू असेल ते
- शिक्षणात खंड असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र

उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवा, जूनमध्ये सेतू केंद्रात गर्दी उसळते.

मंजुरीपत्र हातात आलं की सही करण्याआधी या ओळी शोधा: व्याजदर बदलता आहे की स्थिर, स्थगितीचा काळ नेमका कधी संपतो, व्याज सरळ आहे ना, प्रक्रिया शुल्क किती, आणि विम्याचा हप्ता कर्जात मिळवला आहे का. विमा ‘घ्यावाच लागतो’ म्हणाले तर तसं लेखी मागा, बहुतेक वेळा आग्रह ओसरतो. एका बँकेत माझ्या मंजुरीपत्रात विम्याची रक्कम अशीच न विचारता घातलेली होती. लेखी आक्षेप घेतल्यावर ती काढली.

व्याज उचललेल्या रकमेवरच चढतं, तेव्हा फी सेमिस्टरप्रमाणे कॉलेजला थेट पाठवायला सांगा. सगळी एकदम उचलू नका. बदलत्या दराच्या कर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड घेता येत नाही, म्हणून शिष्यवृत्ती जमा झाली की लगेच कर्जात भरा. डोनेशनचे पैसे कोणत्याही कर्जात बसत नाहीत. कॉलेज पावती न देता रोख मागत असेल तर तिथूनच परत फिरा. आयकरात शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षं वजावट मिळते ती जुन्या करप्रणालीतच, तेव्हा ती धरून हिशेब करू नका.

## ९. परदेशी पदवीचा विचार असेल तर

ब्रिटनमध्ये एम.एस्सी. क्रिमिनॉलॉजी किंवा फॉरेन्सिकसाठी घर तारण ठेवून जाणारी मुलं वाढली आहेत. तिथल्या पोलिसांत भरती व्हायला राहण्यावर कसलीच मुदत नसलेला परवाना लागतो, विद्यार्थी व्हिसावर गेलेल्याला तो नसतो. पदवीनंतर काम शोधायला मिळणारा दोन वर्षांचा ग्रॅज्युएट व्हिसाही १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना अठरा महिन्यांचा होणार आहे. अमेरिकेत एफबीआयसारख्या संघराज्य यंत्रणांना नागरिकत्व लागतं. तिथे साध्या क्रिमिनल जस्टिस पदवीवर पदवीनंतर एक वर्ष काम करता येतं. फॉरेन्सिक सायन्स स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) यादीत असल्याने आणखी दोन वर्षं मिळू शकतात, म्हणून विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं त्या आय-२० या कागदावर कोणता अभ्यासक्रम सांकेतांक छापला आहे ते बघा. परत येऊन इथली परीक्षा द्यायची असेल तर त्या पदवीची समकक्षता आधी तपासा. परतीचा पगार रुपयांत असेल आणि हप्ताही, पण कर्ज पाउंडांत झालेल्या खर्चाचं असेल.

## १०. हप्ता सुरू झाला आणि नोकरी नाही, तर

गप्प बसू नका. हप्ता चुकण्याआधी शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या आणि मुदत वाढवणं, काही महिने फक्त व्याज भरणं, हप्त्याची फेररचना यांपैकी काय शक्य आहे ते विचारा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. चुकलेल्या हप्त्याची नोंद तुमच्या आणि सहकर्जदार असलेल्या आईवडिलांच्याही सिबिलवर (कर्जफेडीच्या नोंदीवर) होते. बँक भरतीची तयारी करणाऱ्यांनी तर हे विशेष जपावं, कारण आयबीपीएस या बँक भरती संस्थेच्या लिपिक भरतीत रुजू होताना सिबिल पाहतात आणि थकीत कर्जामुळे हातातली नोकरी अडते. शाखेने अर्ज घेतला नाही तर बँकेच्या तक्रार कक्षाकडे ई-मेल करा, महिनाभरात उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला एक रुपयाही लागत नाही.